दुभाष्या गोरक्ष

"बसता का सोडू टेम्पो?" झुंबर मुकादमानं टेम्पोच्या पत्र्यावर थाप मारली. "अर्धा तास झाला उभा हाय. छाटणी तोंडावर आलीय, मालक तिकडं दिंडोरीत बोंबलत आसंल."

हरसूलच्या एसटी स्टँडवर करंजपाड्याची बारा पोरंपोरी धुतलेले कपडे घालून ओळीत उभी होती. लग्नाच्या फोटोला उभी राहावीत तशी. त्यांच्यापुढं गोरक्ष भोये, हातात झेंडूचे चार हार.

"सोड की," गोरक्ष म्हणाला. "जाताना आरशात बघ फक्त. साडेअकराच्या गाडीतनं चार गोरे उतरतील. तुला टाटा करायला लावतो त्यांना."

पोरं खिदळली. झुंबर हसला नाही.

"गोरक्षा, थापा मारायच्या तर माणसं बघून मार. मालकाला बारा माणसं पायजेत. ही नाय आली तर मी जाताजाता पेठची टोळी भरणार. मग फाल्गुनापर्यंत या पोरांना त्या बागेत जागा नाय. पुढल्या सालाचंबी सांगत नाय मी."

हे मात्र खरं होतं. दसरा झाला की झुंबरचा टेम्पो यायचा आणि करंजपाड्याची टोळी एकाच मालकाच्या द्राक्षबागेत जायची. छाटणी, मग घड विरळायचे, मग माल उतरवायचा. सहा वर्षं तीच बाग, तीच खोली, तीच चूल. टोळी एकत्र राहायची, म्हणून आया पोरींना पाठवायच्या. एकदा जागा गेली की गेली.

गोरक्षनं काळूकडं पाहिलं. काळू त्याचा भाचा, टोळीतला सगळ्यात कामसू. "मामा, तू सांगशील तसं," काळू म्हणाला.

"जा रे झुंबऱ्या," गोरक्ष म्हणाला. "भर तुझी पेठची."

टेम्पो गेला.

आता हा गोरक्ष कोण, तर करंजपाड्याचा दुभाष्या. लहानपणी घरातून पळाला आणि ओझरच्या कारखान्याजवळ एका हॉटेलात आठ वर्षं कपबशा विसळल्या. साहेबलोकांचं बोलणं ऐकून ऐकून इंग्रजी शिकला, तेही चहाच्या हिशोबाचं. पण त्याच्या आवाजात असा रुबाब होता, की नाशिकच्या एका संस्थेनं त्याला धरून ठेवलं. अठ्ठ्याण्णव सालापासून दर पावसाळ्यात संस्थेकडं परदेशातले विद्यार्थी यायचे. त्यांच्या कॉलेजात म्हणे खेड्यातल्या तरुणांचा विकास करून दाखवला की मार्क मिळायचे. आठ आठवडे विकास करायचा, फोटो काढायचे, निघायचं. यायचे ते नेमके भाताच्या लावणीत. सगळे तरुण गुडघाभर चिखलात, आणि शिबिराला तरुणच नाहीत! गोरक्षनं एका साली सात म्हातारे बसवले आणि पाहुण्यांना सांगितलं, "सर, हिल एअर, डोंगराच्या हवेनं माणूस लवकर पिकतो." पाहुण्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

तसा उद्योगी होता तो. एका लांबड्या पोराला त्यानं पटवलं होतं, की इकडं बैल समोरून आला तर 'राम राम' म्हटल्याशिवाय पुढं जायचं नाही. तो बिचारा आठ आठवडे बैलांना हात जोडत फिरला. गावाला सांगायचा, "यांच्याकडं सहा महिने ऊन नसतं, म्हणून अशी बटाट्यासारखी पांढरी." गाव हसायचं, पाहुणे हसायचे, मधोमध गोरक्ष हसायचा. कोण काय म्हणालं ते फक्त त्याला ठाऊक. अळणी बोलणं त्याला सहन व्हायचं नाही. कोणी म्हणालं, "गाव छान आहे," तर तो सांगायचा, "म्हणतोय, असं गाव त्याच्या सात पिढ्यांनी पाहिलं नाय."

यंदा, दोन हजार पाच साली, डेन्मार्कहून लिसा आली. ही मात्र वेगळी निघाली. लावणीत उतरली, चिखलात पडली, उठली, परत उतरली. संध्याकाळी पोरांना जमवायची. हिच्यापुढं गोरक्षच्या थापा आपोआप कमी झाल्या. जायच्या दिवशी पोरं रडली, तीही रडली. समाजमंदिरात उभी राहून तिनं सांगितलं, की दसऱ्यानंतर चार विद्यार्थी येतील, सहा महिने राहतील, मोटर रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटरीला नवी तार गुंडाळायचं काम, शिकवतील. मग ओझरच्या बाजूला एखाद्या वर्कशॉपमध्ये कामाला लावून देतील. बागेत जायची गरज पडणार नाही.

गोरक्षनं मराठीत सांगितलं. टाळ्या पडल्या.

साडेअकराची गाडी बाराला आली. एक म्हातारी उतरली, दोन कोंबड्या उतरल्या, शाळेचा शिपाई उतरला. शेवटी कंडक्टर उतरला. गोरक्षनं पुढं होऊन त्याच्याच गळ्यात हार घातला. "या सायेब! हरसुलात स्वागत!" पोरं पोट धरून हसली. कंडक्टरही लाजला.

अडीचच्या गाडीला कोणी हसलं नाही.

काळूची आई चिमणाबाई बाजाराला आली होती. तिनं ओट्यावर भाकरी सोडली. "दादा, फोन कर की त्या नाशिकच्या बाईला. पोरं सकाळधरनं उभी हायत."

एसटीडीच्या काचेच्या खोलीत गोरक्ष शिरला. बाहेर बारा तोंडं काचेला लागली.

"अहो गोरक्षभाऊ," संस्थेच्या उज्ज्वलामॅडम म्हणाल्या, "तुम्हाला कळवलं नाही का कोणी? ती बॅच रद्द झाली. ती मुलं आफ्रिकेत गेली यंदा. तिकडे गरज जास्त आहे म्हणे."

"मॅडम, हितं बारा पोरं उभी हायत. टेम्पो सोडला त्यांनी."

"अरे बापरे. पण नक्की असं कुठे ठरलं होतं? लिसाने प्रस्ताव दिला होता, तो मंजूर नाही झाला. पुढच्या पावसाळ्यात बघू या ना."

"आज काय सांगू यांना?"

"समजावून सांगा. तुम्ही किती छान सांगता!"

फोन ठेवला तरी गोरक्ष आतच उभा राहिला. त्याला समाजमंदिर आठवलं. लिसा शब्द न शब्द सावकाश बोलली होती, त्याला कळावं म्हणून. आम्ही प्रयत्न करू. जमलं तर. मला आशा आहे. तीनदा म्हणाली होती ती, आशा आहे. आणि समोर ही पोरं अशी बघत होती, की त्याला ते 'जमलं तर' कसंतरीच वाटलं. एवढ्या चांगल्या पोरीच्या तोंडी शोभेना. म्हणून तो म्हणाला होता, "येणार म्हंजे येणारच! शंभर टक्के! यंदा बागेत जायचं नाय कोणी!"

हे शेवटचं वाक्य तर ती बोललीच नव्हती.

तो बाहेर आला. "येत नाय कोणी," म्हणाला.

मग आशा, टोळीतली सगळ्यात धाकटी, म्हणाली, "लिसाताईनं फसवलं."

"नाय गं." गोरक्ष ओट्यावर बसला. "ती 'जमलं तर' म्हणली होती. येणारच, हे मी म्हणलो. माझ्या मनाचं."

पोरं त्याच्याकडं बघायला लागली. आणि काळू हसला. रागानं नाही, मायेनं.

"मामा, तिला वाचवू नको उगी. गोऱ्यांची बाजू घ्यायची सवयच तुला."

"देवाशप्पथ काळ्या, मी लावलं पदरचं."

"बैलाला राम राम करायला सांगतानाबी अशीच शप्पथ घेतली होती तू," एक जण म्हणाला, आणि दोघं-तिघं हसली.

"चिमणे, तू तरी ऐक."

"दादा, गप ऱ्हा," चिमणाबाई म्हणाली. "तुझ्यावर कोण बोट दाखवतंय का? भाकर खा."

आयुष्यात पहिल्यांदा गोरक्षनं एखादी गोष्ट होती तशी सांगितली होती, आणि हरसूलच्या स्टँडवर ती घ्यायला कोणी नव्हतं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. तो तसाच परत भाकरीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सगळे दिंडोरीच्या नाक्यावर जाऊन उभे राहिले. तेरावा गोरक्ष. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, कोणी नको म्हणालं नव्हतं. ज्यांना बांधलेला मालक नाही ती माणसं इथं उभी राहतात आणि बागाईतदार येऊन निवडून नेतात. गोरक्षनं जो येईल त्याला सांगितलं, "मालक, टोळी हाय, बारा जणांची. एकत्र घ्या, कामाला वाघ हायत." मालकांना टोळी नको होती. एकानं दोन पोरं उचलली. एकानं तीन पोरी. आशा त्या जीपमध्ये चढताना वळून वळून बघत होती. काळूनं जीपवाल्याला विचारलं, "कुठल्या गावाला?" त्यानं सांगितलं ते इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. गोरक्ष जीपमागं थोडा धावला. मग परत आला.

बाकीचेही असेच एकेक-दोनदोन करून गेले आणि नऊ वाजेपर्यंत काळू आणि गोरक्ष, दोघं उरले. एक पिकअप थांबली. जाडजूड मालक खाली उतरला. काळू पुढं झाला, ताठ उभा राहिला आणि शिबिरात लिसानं शिकवलं होतं तसा डोळ्यांत बघून उजवा हात पुढं केला.

"गुड मॉर्निंग सर. माय नेम इज काळू."

मालक चाट पडला. मग हसला. त्यानं काळूचा पुढं केलेला हात धरला, उलटा केला आणि अंगठ्यानं तळव्यावरचे घट्टे दाबून पाहिले.

"चल, बस मागं."

मग मालकानं गोरक्षकडं पाहिलं. गोरक्षनं दोन्ही हात तळवे वर करून पुढं धरले.