आर्लीनबाईंची सवत

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, पण लग्नाचे फोटो मी कधी काढले नाहीत. नेब्रास्कातल्या एका कत्तलखान्याच्या शीतगृहात उभा जन्म गेला आणि पाहिलं ते फक्त गोमांस. बरगड्यांमध्ये कापलेल्या मांसाचा फोटो घ्यायचा, त्यातले चरबीचे पांढरे शिंतोडे मोजायचे आणि प्रत सांगायची, हे माझं काम.

मी आलो तेव्हा हे काम आर्लीन कुचेराबाई करायच्या. तीस वर्षं हातात जांभळ्या शाईचा शिक्का, पायात लोकरी मोजे, खिशात खसखशीचा गोड पाव. टांगलेली धडं साखळीवरून सरकत यायची आणि बाई एक नजर टाकून शिक्का मारायच्या. मला पाहून साखळी चालवणारा ड्वेन म्हणाला, "बाई, तुमची सवत आली बघा."

"येऊ दे की. नांदते का ते बघू."

परीक्षेचा दिवस ठरला. साखळीच्या पुढच्या टोकाला तीन जाणते परीक्षक दोनशे धडं तपासणार होते. माझी उत्तरं त्यांच्याशी जुळली तर मी राहणार, नाहीतर परत खोक्यात.

घात झाला. पहिल्या वीसपैकी सोळा धडांना मी 'काळपट, खालची प्रत' म्हणालो. तीच धडं परीक्षकांपुढे पोचली ती लालभडक. कत्तलखान्याच्या साहेबांनी खोकं आणायला सांगितलं. मी पार खचलो.

बाई गप्प राहिल्या असत्या तर त्यांची जागा शाबूत होती. पण त्यांनी साखळी थांबवली.

"ड्वेन, पाहुण्यांपुढे मिरवायला साखळी पळवलीस ना?"

"थोडीशीच, बाई."

"कापल्या कापल्या मांस काळंच दिसतं. वारा लागला की थोड्या वेळानं लाल होतं. किती वर्षं सांगतेय तुला? यानं दिसलं ते सांगितलं. त्याचं काय चुकलं?"

साहेब हळूच म्हणाले, "बाई, हा राहिला तर तुमचं काय?"

"माझं मी बघीन. पण खोटी प्रत मला चालायची नाही."

साखळी नेहमीच्या चालीनं सुरू झाली. पुढच्या एकशेऐंशीपैकी एकशेशहात्तर जुळली! उरलेल्या चारांवर बाईंनी बोट फिरवलं. करवतीनं उडालेला हाडाचा चुरा होता तो, आणि मी शहाणा तो चरबी म्हणून मोजत होतो. बाई मनापासून हसल्या. परीक्षकांनी लिहून दिलं, कॅमेरा राहील आणि त्याच्या शेजारी माणूसही राहील. त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पुढं अकरा वर्षं आम्ही शेजारी उभे राहिलो. रोज सकाळी बाई माझी काच मऊ फडक्यानं पुसायच्या. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शेवटचा शिक्का धडावर मारलाच नाही. तो माझ्या पत्र्यावर मारला, सगळ्यात वरच्या प्रतीचा.

आता काचेवर धूळ साचते, कुणाला आठवण राहत नाही. मित्रांनो, यंत्रालाही हात फिरवणारं माणूस लागतं. माझी काच जरूर पुसा. तेवढा तो जांभळा शिक्का मात्र पुसू नका.