शेवटचा ठसा

साध्या कपड्यांतला पोलीस बुटांसकट चटईवर चढला. कामेइदोच्या गिरणीगल्लीतही एवढी बेअदबी कुणी करत नसे, पण शिगेनोने त्याच्यापुढे मान लववली. तिचा नवरा, छपाईसाठी लाकडी फळ्यांवर चित्रं आणि कविता कोरणारा कवी किसाबुरो, याच माणसाच्या कोठडीत होता.

"संपकरी बाया कोरलेला तुझ्या कवीमहाराजांचा फळा दे," दाराला टेकून तो म्हणाला. "आज संध्याकाळी नवरा घरी."

कागदावरचं चित्र चेरीच्या फळीवर पालथं चिकटवून त्यावरूनच कोरायचं, म्हणजे मूळ चित्र कोरण्यातच संपतं. फळा गेला की चित्र गेलं, त्याखालची कविताही गेली. छपाई शिगेनोच करायची, तिला हे कुणी सांगायला नको होतं. तरी तांदळाच्या पिंपामागून तिने फळा काढून दिला. माणसापुढे लाकडाची काय मातब्बरी! मेल्या पोलिसाने तो फळा तिच्याच चुलीत घातला.

किसाबुरो आला खरा, पण कोठडीत त्याच्या उजव्या हाताची बोटं मोडली होती.

"फळा कुठाय?"

"दिला मी."

तो भिंतीकडे तोंड करून पडला. जेवेना. शेवटी शिगेनोचा बांध फुटला. "लाकूड पुन्हा मिळेल हो! तुम्ही कुठून मिळाला असता?"

डोळे पुसताना तिची नजर सरकत्या कागदी दारावर गेली. वर्षअखेरीला फाटक्या चौकटीवर तिने रद्दी डकवली होती. त्या रद्दीतच होता जळालेल्या फळ्याचा पहिला, फिकट उठलेला ठसा! पोलीस नेमका त्यालाच पाठ लावून उभा होता.

ओल्या फडक्याने तिने तो अलगद सोडवला आणि नवी फळी पुढे ठेवली.

"कोरणार कोण?" किसाबुरोने विचारलं.

"मी."

"वेड लागलंय? एवढा एकच उरलाय. कोरताना हाही जाणार, आणि तुझा हात चुकला तर काहीच उरणार नाही."

"मग काय दारावर ठेवून पूजा करू? त्या बाया अजून गिरणीपुढे थंडीत उभ्या आहेत. त्यांच्यासाठीच केलंत ना?"

 डाव्या हाताने किसाबुरोनेच फळीवर खळ फासून ठसा पालथा चिकटवला.

"चेहरे मागाहून," तो म्हणाला. "आधी गुंफलेले हात. सुरी अंगाकडे ओढ."

पहिलीच रेघ थरथरली. शिगेनोने सुरी उचलली. "अहो, वाकडी गेली!"

पट्टी बांधलेला हात त्याने तिच्या मनगटावर ठेवला.

"राहू दे तशीच," तो म्हणाला. "गिरणीपुढे हात गुंफले, त्या दिवशी त्या बायांचेही थरथरतच होते."