खडेबाबांची चूळ

हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोर खडेबाबा डोळे मिटून बसले होते. पोटावर पितळी नळी टेकवायची, जोरात श्वास ओढायचा आणि आतले पित्ताचे खडे तोंडाने खेचून ताटलीत थुंकायचे, ही त्यांची ख्याती. खडा टण्‌कन वाजला की अख्खा हॉल हात जोडायचा. बाबांचं मौन असायचं. बोलायचं काम चेल्याकडे होतं आणि तो दोघांच्या वाटचं बोलत होता.

"ना चाकू, ना टाका, ना भूल. डॉक्टर पोट फाडतात, महाराज पोटाची समजूत काढतात. पथ्य एकच. खडा निघाला की सव्वा महिना अंगाला लोखंड लागू द्यायचं नाही."

रांगेतल्या ब्रेकबाईंना धास्ती होती ती या पथ्याचीच. बाई गाडी चालवायला शिकवायच्या. शिकणारा गडबडायच्या आत त्यांचा पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर पडायचा, म्हणून हे नाव. आता त्यांचे डोळे पिवळे झाले होते आणि अंगात कणकण होती. पित्तनलिकेत खडा अडकला होता. तो सोमवारी काढायचा ठरलं होतं. उशीर केलात तर आत पू होईल आणि जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सव्वा महिना लोखंड टाळायचं, म्हणजे दवाखान्यातली हत्यारंही टाळायची.

घोळ झाला तो त्यांच्या पुढच्या वाक्याने. वजन आणि मधुमेहासाठी बाईंच्या पोटाचं मागे ऑपरेशन झालं होतं. जठराचा छोटासा भाग वेगळा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडला होता. उरलेलं जठर आत तसंच होतं, पण अन्नाच्या वाटेवरून बाजूला पडलेलं. पित्तनलिका उघडते ती त्या जुन्या वाटेवर. "म्हणून तोंडातून घातलेली दुर्बीण तिथवर पोचणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "पोटाला लहान छेद देऊन जुन्या जठरात शिरू आणि तिथून पुढे जाऊ."

सासूबाईंनी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. "डॉक्टरांनीच हात टेकले," असं त्या सांगत सुटल्या. आईपुढे कधी ब्र न काढलेला नवरा म्हणाला, "एकदा जाऊन यायला काय हरकत आहे?"

"येते," बाई म्हणाल्या. "पण माझ्या जुन्या ऑपरेशनबद्दल तिथे कुणी अवाक्षर काढायचं नाही. महाराजांना आतलं दिसतं ना? मग तेही दिसेल."

"दिसेलच," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, आणि त्यांनी शब्द पाळला. चेल्याने खोदून खोदून विचारलं तरी "खडा आहे" यापलीकडे त्या गेल्या नाहीत.

बाईंची पाळी आली. बाबांनी नळी टेकवली, श्वास ओढला, मान झटकली आणि ताटलीत खडे वाजले.

"महाराज," बाई उठून बसत म्हणाल्या, "आता मौन सुटलं असेल तर सांगा, हे कुठून काढलेत?"

बाबा प्रसन्न होते. "पित्ताशयातून, मुली. टम्म फुगलेलं दिसत होतं मला."

"माझं पित्ताशय मागच्या ऑपरेशनमध्येच काढून टाकलंय," बाई शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "विचारा माझ्या सासूबाईंना."

सगळ्या माना सासूबाईंकडे वळल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "काढलंय," त्या म्हणाल्या. "मी दवाखान्यातच होते तेव्हा."

"सूक्ष्म पित्ताशय राहतं," चेल्याने सारवासारव केली. "चला, पुढचा."

बाबांनी शालीने तोंड पुसलं आणि पुन्हा डोळे मिटले. पिवळ्या डोळ्यांचा एक रंगारी शर्ट वर करून आडवा झाला. पण सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. आपण फसलो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं आणि त्याचा त्यांना भयंकर संताप आला होता. त्यांनी कोपऱ्यातल्या माठातलं पेलाभर पाणी आणून बाबांपुढे धरलं.

"नळी लावायच्या आधी एक चूळ भरा, महाराज."

बाबांनी नकारार्थी मान हलवली. "मौन आहे त्यांचं," चेला म्हणाला.

"चूळ भरायला बोलावं लागत नाही."

"भरा की," रंगारी आडव्या आडव्या म्हणाला. "तोवर थांबतो मी."

हॉलमध्ये खसखस पिकली. बाबा तरातरा उठून दाराकडे निघाले, आणि सवयीने ब्रेकबाईंचा पाय पडला. या वेळी ब्रेक नव्हता, तर बाबांच्या शालीचं जमिनीवर लोळणारं टोक होतं. शाल ताणली, बाबा "अगं ए" म्हणून ओरडले आणि उघडल्या तोंडातून खडे जमिनीवर सांडले. शालीच्या उसवलेल्या काठातूनही खडे गळू लागले. माशांच्या काचपेटीत तळाला घालतात, ते.

"बघून घ्या," बाई म्हणाल्या. "काठात साठा आणि गालात माल. तोंड पुसायच्या निमित्ताने भरायचा. म्हणून मौन."

सोमवारी नवरा कुणाला न विचारता दवाखान्यात आला आणि ठरल्या वाटेने बाईंचा खडा निघाला. पित्ताशय नसतानाही नलिकेतच तयार झालेला; मऊ, तपकिरी, चिमटीत धरला तर भुगा होणारा. ताटलीत तो कधीच वाजला नसता. शेजारच्या वॉर्डात रंगारी होता. त्याचं जठर जागच्या जागी होतं, त्यामुळे त्याच्यासाठी तोंडावाटे गेलेली दुर्बीण पुरली.

अजूनही कुणी चमत्काराची गोष्ट काढली की सासूबाई आधी पाण्याचा पेला मागवतात. त्यांचं म्हणणं साधं आहे आणि ते सगळ्यांनी ऐकावं. डॉक्टरीणबाईंनी स्वतःला काय जमणार नाही ते आधी तोंडावर सांगितलं, मग काय करता येईल ते सांगितलं. बाबांना न जमणारं काहीच नव्हतं. न जमणारं सांगणाऱ्यालाही प्रश्न विचारावेत, तो उत्तरं देतो. ज्याला सगळंच जमतं, त्याला आधी चूळ भरायला लावावी.