वरचा कोळसा

चीनमधल्या शान्शी प्रांतातल्या त्या खाणीत कोळशाचा थर तीन पुरुष जाडीचा होता, पण मधोमध दगडाच्या पट्ट्याने चिरलेला. पोलादी टेकूंच्या आडोशाला खालचा कोळसा यंत्राने कापायचा, टेकू पुढे सरकवले की वरचा आपल्याच वजनाने मागे कोसळायचा, तो ओढून घ्यायचा. पट्टा वीतभर होता तोवर हे ठीक चाललं. पुढे तो कमरेएवढा झाला. कोळशाऐवजी दगडाच्या लाद्या येऊन अडकू लागल्या आणि त्या फोडताना माणसं जायबंदी होऊ लागली.

होऊ बाओशान नावाचा पाळीचा मुकादम साहेबांकडे गेला. वरचा कोळसा सोडून द्या, खालचाच काढू, असा हट्ट धरून बसला. त्यांनी कुरकुरत मान्य केलं. त्याच्या बहिणीचा नवरा छिन लायशुन त्याच पाळीत पंपावर होता. "दाजी, आता धडधाकट घरी बसाल म्हातारपणी," बाओशान त्याला म्हणाला होता.

सोडलेला कोळसा मात्र मागच्या पोकळीत चुरा होऊन पडत राहिला आणि हवा लागून आतल्या आत तापत गेला. एका सकाळी धूर आला. बाकीचे बाहेर पडले. लायशुन पार आतल्या पंपापाशी होता, तो आलाच नाही. बचावपथक दोनदा आत शिरून परत फिरलं. वायू वाढत होता; स्फोट झाला असता तर शेजारच्या भागातली माणसंही गेली असती. आगीची हवा तोडायला वाट बुजवायचा हुकूम सुटला. हात कमी पडत होते, म्हणून बाओशाननेही विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा चढवून विटा रचल्या. भिंत उभी राहिली. आग विझायला कित्येक वर्षं लागतील, तोवर ती उघडायची नाही, असं ठरलं.

सातव्या दिवशी तो बहिणीकडे गेला. मेलेल्याच्या नावाने जाळायचे कागद दारात जाळून झाले होते. ग्वेलानने त्याच्यापुढे शेवयांचा वाडगा ठेवला आणि समोर बसली.

"दादा, भिंत बांधताना त्यांची हाक ऐकू आली का रे?"

"नाही. खरंच नाही."

"आणि तू? तू मारलीस का हाक?"

हाक मारायला मुखवटा काढला असता तर तोही तिथेच पडला असता. हे तिला सांगता आलं असतं. पण हाक मारावी हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. विटा सरळ बसताहेत ना, एवढंच तो बघत होता.

त्याने नकारार्थी मान हलवली. ग्वेलान उठून आत गेली, ती तो जाईपर्यंत बाहेर आली नाही.