नानांच्या मशीनवरचा अर्ज

मित्रांनो, शिंदखेड्यात मला टाइपरायटर असे कोणी म्हणत नाही. तिथे मी 'नानांचे मशीन' आहे. मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. लोखंडी कांड्यांवर एकेक मराठी अक्षर बसवले गेले आणि लाकडी खोक्यात बंद होऊन मी रेल्वेने खानदेशात आलो.

नाना म्हणजे भिकन बोरसे. तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली त्यांचे टेबल होते. सव्वीस वर्षे मी तिथे वारस नोंदीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे, नावातल्या चुकांची दुरुस्ती असले कागद लिहिले. "नानांच्या मशीनचा कागद परत येत नाही," असे लोक म्हणत. पुढे शेजारच्या भाईदासने संगणक मांडला आणि गर्दी दोन पावले तिकडे सरकली. एके दिवशी नानांनी मला रिक्षात घालून घरी आणले व मधल्या खोलीत खिडकीखाली ठेवले. माझे काम संपले असे मी धरून चाललो.

त्याच वर्षी त्यांची मुलगी पुनम आठवीत गेली. जुलैत शाळेत प्रार्थनेच्या वेळी तिला फिट आली. पंधरा दिवसांनी वर्गातच दुसरी आली. कोणी तिच्या नाकाशी चप्पल धरली, कोणी कांदा आणायला धावले. त्यानंतर तिच्या बाकावर कोणी बसेना. 'पूर्ण बरी होईपर्यंत घरी ठेवा,' असा शाळेतून निरोप आला. धुळ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितले, "गोळी चुकवू नका, शाळा चुकवू नका." नानांनी यातले पहिले ऐकले. दुसऱ्याबद्दल ते घरी म्हणाले, "मी शिकवतो. शाळेपेक्षा चांगलं शिकवतो."

त्या आठवड्यात त्यांनी माझ्यावर तिचे वेळापत्रक टाइप केले. एका पानात सात चुका झाल्या. सव्वीस वर्षांत तसे कधी झाले नव्हते.

शिकवण्यात मात्र त्यांनी कसूर केली नाही. सकाळी अकरा ते एक आणि दुपारी चार ते सहा. इतिहास, भूगोल पुस्तकातून. बीजगणित मोबाइलवरचे धडे पाहून. त्रिकोणमितीशी नाना स्वतःच अडले, तेव्हा बापलेक एकाच वहीत डोके घालून बसले. शनिवारी ते माझ्यावर प्रश्नपत्रिका काढत, रविवारी लाल पेनाने तपासत. शिवाय जे कोणत्या पुस्तकात नव्हते तेही शिकवले. बँकेची स्लिप कशी भरायची, अर्जाची पोच कशी मागायची, न वाचता सही का करायची नाही. पुनम माझ्याकडे न पाहता टाइप करू लागली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तिची आई पुष्पाबाई भाजी निवडत बसे. ती कधी मध्ये बोलली नाही.

फिटा आधी कमी झाल्या, मग थांबल्या. पावणेतीन वर्षे अशी गेली. सतरा नंबरचा फॉर्म भरून पुनम बाहेरून दहावीला बसली. पहिला पेपर देऊन ती घरी आली तेव्हा नानांनी विचारले, "कसा गेला?"

"चांगला. नाना, माझ्या मागे दिपमाला म्हणून एक पोरगी होती. तिने मला विचारलं, तू कोणत्या शाळेची? मी म्हटलं, घरची. तर ती इतकी हसली! मग आम्ही डबा सोबत खाल्ला."

"पाचवा प्रश्न सोडवला का?"

"सोडवला. तिच्या डब्यात मेथीच्या पुऱ्या होत्या."

परीक्षा संपेपर्यंत या घरात पेपरांपेक्षा दिपमालाविषयी जास्त बोलणे झाले. निकाल लागला, अठ्ठ्याहत्तर टक्के पडले. नानांनी पेढे वाटले आणि संध्याकाळी बारावीही घरूनच करण्याची माहिती काढून आणली. कागद माझ्या शेजारी ठेवून ते म्हणाले, "दोन वर्षं. आपण आरामात करू."

 तीन वर्षांत पुनम सगळे शिकली होती. नानांना नाही म्हणणे तेवढे राहिले होते. दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेल्यावर ती माझ्यासमोर बसली. 'प्रति, श्री. भिकन नवल बोरसे. विषय : धुळ्याच्या महाविद्यालयात अकरावीला प्रवेश घेण्यास परवानगी मिळणेबाबत.' खाली कारण लिहिले, 'उच्च शिक्षणासाठी.'

नानांनी अर्ज उभ्यानेच वाचला. खिशातले लाल पेन काढून समासात लिहिले, 'कारण मोघम आहे,' आणि कागद परत टेबलावर ठेवला. त्यांना वाटले असेल, विषय मिटला.

पुनमने नवा कागद चढवला. या वेळी तिची बोटे मध्येमध्ये थांबत होती. मी ते शब्द उमटवले आहेत, म्हणून जसेच्या तसे सांगतो. 'घरी प्रश्न तुम्ही काढता आणि उत्तरही तुम्हीच तपासता. माझे चुकले तर हसणारे कोणी नाही, बरोबर आले तर जळणारे कोणी नाही. मी पडेन याची तुम्हाला भीती वाटते. मलाही वाटते. परंतु एकवीस महिने फिट आलेली नाही, आणि आली तर काय करायचे हे मी वर्गातल्या मुलींना आधीच सांगणार आहे. सोबत सूचनांचा कागद जोडला आहे.' त्या कागदावर चार ओळी होत्या. मला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. चप्पल, कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्या.

नानांनी ते सगळे खाली बसून वाचले. मग वर न पाहता घरच्या अहिराणीत म्हणाले, "वाटमा काही व्हयनं तं?"

 वाटेत काही झाले तर, याचे उत्तर उंबऱ्यापासून आले. "वाटमा बी मानसंच शेतस," पुष्पाबाई म्हणाली. "पोर घरमाच राही का बठ्ठा जनम? तुमीन काय तिले कपाटमा ठेवाले शिकाडं?"

वाटेतही माणसेच असतात, पोर जन्मभर घरात राहणार नाही: इतके तिच्या तोंडून सलग मी प्रथमच ऐकले. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अर्ज पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला.

"तारीख टाकली नाही," ते म्हणाले. "बिनतारखेचा अर्ज कोणी घेत नाही."

पुनमने तारीख टाकली. त्यांनी सही केली. सही त्यांच्या नेहमीच्या सहीपेक्षा लहान आली.

जूनमध्ये पुनम एसटीने धुळ्याला जाऊ लागली. पहिले आठ दिवस नाना त्याच गाडीत मागच्या सीटवर बसून जात आणि कॉलेजच्या फाटकावरून परत येत. नवव्या दिवशी पुनमने त्यांना स्टँडवरच थांबवले. सप्टेंबरमध्ये तिला लायब्ररीत फिट आली. दोन मुलींनी तिला कुशीवर वळवले, एकीने ओढणीची घडी डोक्याखाली ठेवली. अर्ध्या तासाने दोघींचा हात धरून ती शिंदखेड्याच्या एसटीत बसली. संध्याकाळी तिने हे स्वतःच सांगितले, चहा पिता पिता. नाना उठून माझ्यासमोर येऊन बसले. कागद चढवला नाही. दोन्ही हात माझ्या अक्षरांवर ठेवून नुसते बसून राहिले. मला ते हात गरम लागले, एवढेच मी सांगू शकतो.

डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली. दोन दिवसांनी सकाळी नानांनी तिची पाण्याची बाटली भरली आणि दारापर्यंत आले. "सात चाळीसची चुकेल," एवढेच म्हणाले.

आता अकरा वाजले की घरात शिकवायला कोणी नसते. नाना वर्तमानपत्र दोनदा वाचतात. माझ्यावर धूळ बसू लागली होती, रिबीनही सुकत चालली होती. परवा पुष्पाबाईने कणकेचे हात धुतले, पदराला पुसले आणि नानांच्या समोरची खुर्ची ओढली.

"आते मनी बारी," ती म्हणाली.

आता तिची पाळी, हे नानांना आधी कळलेच नाही. मग त्यांनी घाईघाईने रिबीन उलटी फिरवून लावली, कागद चढवला. पुष्पाबाईने एका बोटाने 'प' शोधायला बराच वेळ घेतला. तिसरीत शाळा सुटलेली ही बाई पावणेतीन वर्षे उंबऱ्याशी बसून त्रिकोणमितीसुद्धा ऐकत होती, आणि तिला काही येते का, हे आम्ही कोणीच विचारले नव्हते. मीही नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने यंत्र घरात असेल तर कापड टाकून ठेवून देऊ नका. आठवड्यातून एकदा ब्रश फिरवा, तेलाचा थेंब सोडा, चार ओळी लिहा. आणि घरात तुमचा अभ्यास चालू असताना जवळपास भाजी निवडत कोणी बसले असेल, तर तिच्यासाठीही एक खुर्ची ओढा. ती स्वतः उठून येण्याची वाट पाहू नका.