विरोधात घेतलेलं नाव

संस्थेत त्यांना सगळे गोगलगायबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं बाई. तळमजल्यावर जिन्यामागच्या खोलीत, काचेच्या पेट्यांमध्ये त्यांच्या गोगलगायी असत. वरच्या मजल्यांवर सगळी कामं टोळीनं चालत, एकेका लेखावर आठ-आठ नावं. बाईंच्या लेखांवर मात्र त्यांचं एकटीचंच. तरुणपणी कुणाशी जमलं नाही, पुढे कुणी विचारलं नाही, मग सवयच झाली.

त्या वर्षी संचालकांनी टूम काढली, की कुणाच्या संशोधनाचा किती प्रभाव पडला ते मोजायचं. आकडेवारी बघणाऱ्या मुलीनं सभागृहात पडद्यावर एक नकाशा लावला. प्रत्येक शास्त्रज्ञ म्हणजे एक ठिपका. ज्यांनी मिळून लिहिलं त्यांच्यामध्ये रेघ. ज्याचा संदर्भ इतरांनी जास्त दिला त्याचा ठिपका मोठा. मधोमध रेघांची नुसती गुंतवळ होती, आणि पार कोपऱ्यात, एकही रेघ नसलेला टपोरा ठिपका.

"हा कुणाचा?" संचालकांनी विचारलं.

"बाईंचा," मुलगी म्हणाली.

"अरे वा! गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते काय खोटं नाही!"

टाळ्या झाल्या. बाई उठून उभ्या राहिल्या. "ज्या लेखामुळे हा ठिपका मोठा दिसतो, तो चुकीचा होता," त्या म्हणाल्या. "गोगलगाय स्वतःचा चिकट माग ओळखून घरी परतते, असं मी लिहिलं होतं. लोक माझं नाव घेतात ते मी चुकले हे सांगायला."

लोक हसले. विनय समजले की विनोद, कोण जाणे.

"संदर्भ तो संदर्भ," संचालक म्हणाले. "मोजणाऱ्याला भांडण थोडंच कळतं!"

चहाला सगळे घोळक्याघोळक्यानं उभे राहिले. बाईंनी कप उचलला, दोन घोळक्यांच्या मधून वाट काढली आणि खाली आल्या.

मग त्यांनी ते विरोधातले लेख काढले. इतकी वर्षं उघडायचा धीर झाला नव्हता. बहुतेक एकाच माणसाचे निघाले. दूरच्या एका शहरातल्या प्राध्यापकांनी बाईंचा प्रयोग जसाच्या तसा करून पाहिला होता. पेटी तेवढीच, ओल तेवढीच, पानंसुद्धा तीच. माग कुणाचाही चालतो, ताजा असला की पुरे, असं त्यांनी दाखवलं होतं. बाईंना एकदम जाणवलं, की आपलं अक्षर न् अक्षर इतकं मन लावून दुसऱ्या कुणीच वाचलेलं नाही. त्यांनी चार ओळींचा मेल केला.

दुसऱ्या दिवशी फोनच आला. आवाज थकलेला होता.

"मला वाटलं, तुम्ही रागावलात."

"रागावलेच होते," बाई म्हणाल्या.

"मी तीनदा लिहिलं होतं तुम्हाला. एकाचंही उत्तर नाही."

पत्रं आली होती. त्यांनी ती फोडलीच नव्हती.

"माझ्या दोन गोगलगायींनी मला शेवटपर्यंत दाद दिली नाही," प्राध्यापक म्हणाले. "समोर ताजा माग असताना स्वतःच्या वाळलेल्या मागानंच गेल्या. तेव्हा तुम्हालाच विचारायचं होतं."

"आता मिळून बघायचं का?"

"मी निवृत्त झालो. घरी पेटी ठेवली तर सून मला बाहेर काढेल! तुम्ही करा आणि मला सांगा. मी भांडतो."

त्या संध्याकाळी बाईंनी धाकट्या बहिणीला फोन लावला. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. "ताई, पाहुणे आलेत गं, नंतर करते," बहीण म्हणाली. नंतर तिचा फोन काही आला नाही.

पण दर शनिवारी बाई प्राध्यापकांना फोन करू लागल्या. पेटीत काय घडलं ते सांगायच्या, आणि ते प्रत्येक गोष्टीला फाटे फोडायचे. बाईंचा आवाज चढायचा. जिन्यावरून जाणारे थबकायचे. या खोलीतून आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. वाळलेल्या मागानं जाणारी एखादी गोगलगाय अधूनमधून खरंच सापडत होती. का जाते, ते मात्र दोघांनाही सुटत नव्हतं.

हिवाळ्यात प्राध्यापकांना ऐकू येईनासं झालं. बोलणं तुटक होत गेलं. एका शनिवारी सुनेनं फोन घेतला. "बाबांना आता फोनवर काही कळत नाही हो. उगाच चिडचिड होते त्यांची."

बाईंनी त्या वाळलेल्या मागावरचा लेख एकटीनं पुरा केला आणि वर दोन्ही नावं घातली. छापील प्रत सुनेच्या पत्त्यावर पाठवली. पोचल्याचं काही कळलं नाही.

कार्यालयातल्या कारकुनानं नोंद करताना विचारलं, "बाई, हे दुसरे लेखक कुठल्या संस्थेतले?"

"घरी असतात," बाई म्हणाल्या.

"मग ती जागा कोरी ठेवू?"

"ठेवा," त्या म्हणाल्या, आणि पेट्यांना पाणी शिंपडायची वेळ झाली म्हणून खाली गेल्या.