भिंतीपलीकडचा पलंग

आमच्या यतीनला साधी वांगीसुद्धा कधी चटकन निवडता आली नाहीत, पण त्या दिवशी त्यानं कहरच केला. शेजारी घरफोडी झाली म्हणून यानं शॉटगन आणली होती. आता तिच्यात काय भरायचं ते ठरेना. अमेरिकेतल्या याच्या कॅरी गावातल्या त्या बंदुकांच्या दुकानात काडतुसांची खोकी उचलायचा, ठेवायचा, परत उचलायचा.

"अरे, बायको पसंत करायला एवढा वेळ लावला नाहीस," मी म्हटलं.

तो हसला नाही. दुकानदाराला तेच तेच विचारत राहिला. मी खडसावलं तेव्हा म्हणाला, "आई, बारीक छर्ऱ्यांनी चोर थांबेलच असं नाही. आणि जाड छर्रे आपल्या भिंतीतून आरपार जातात."

इथल्या भिंती मी ठोकून पाहिल्यात, पुठ्ठ्यासारख्या वाजतात. चोर येणार जिन्यानं, आणि जिन्यासमोरच्या भिंतीपलीकडे माझाच पलंग आहे. एवढा केस पिकलेला घोडा, त्या पलंगापायी घामाघूम झाला होता. मी त्याच्या हातातलं खोकं काढून घेतलं आणि दुकानदारापुढे ठेवलं.

"यत्या, चष्मा नसला की तुला खुंटीवरचा कोट माणूस वाटतो. तू कसला नेम धरतोस! बंदूक परत कर, दाराला दणकट कुलूप बसव. तरी चोर आलाच, तर सगळ्यांना घेऊन माझ्या खोलीत ये. आतून कडी लावू, पोलिसांना फोन करू. लहानपणी ढग गडगडले की पळत यायचास ना, तसाच ये."